शेत गेले, भाडे आले, वाटा कोणाचा?

महापालिकेची हद्द वाढली, की शिवारातील पिकांआधी जमिनीचा भाव बदलतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११, तर २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. मात्र, या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनी चरितार्थाची नवी साधने शोधण्यास त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती.

जमीन उरली तोवर अनेकांनी पारंपरिक पिके सोडून शहराला रोज लागणारा भाजीपाला, फुले आणि दूध यांवर भर दिला. तुकडे पडू लागले तसे काहींनी गुंठा-दोन गुंठ्यांवर खोल्या बांधून भाडे सुरू केले. कोणी टेम्पो घेतला, कोणी जेसीबी. ज्या विहिरीवर मळा भिजत असे, तिचेच पाणी टँकरने नव्या सोसायट्यांत जाऊ लागले. शेतीचे उत्पन्न बुडाले, तरी घरातील चूल पेटती राहिली ती या जोडधंद्यांमुळे.

रोख रकमेचा अनुभव मात्र संमिश्र आहे. व्यवहाराचे पैसे घर, गाडी, लग्न यांत संपले, की पुढच्या पिढीच्या हाती ना जमीन राहते, ना कौशल्य. या पार्श्वभूमीवर हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण आजही महत्त्वाचे ठरते. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली आणि सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच कंपनी उभारली. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला भाग मिळाले. विक्रीच्या एकदाच मिळणाऱ्या रकमेऐवजी वाढत्या मूल्यात कायमचा वाटा, हे त्यामागील सूत्र होते.

तथापि, हा प्रयोग सर्वत्र सहज उभा राहणारा नाही. तेथे जमीन सलग होती, भावकीचे नाते होते आणि शहर दाराशी आले होते. जेथे क्षेत्र विखुरलेले आणि भावाभावांत दावे चाललेले, तेथे एकत्र येण्याआधीच दलाल पोहोचतो.

शिवाय, रोख असो वा भाग, हिशेब होतो तो सातबाऱ्यावरील नावांचाच. वाट्याने जमीन कसणारे, रोजंदारीवर खुरपणी करणाऱ्या महिला, शेतमजूर यांचे काम जाते. मोबदल्याच्या यादीत मात्र ते नसतात. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरीही जमिनीला भाव येताच बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, हे गावोगावचे वास्तव आहे.

हद्दवाढीची चर्चा रस्ते, पाणी आणि मिळकतकर यांभोवती फिरते. शेत गेल्यानंतर त्या घराचे उत्पन्न कशावर चालणार आणि त्यात कोणाकोणाचा वाटा असणार, याचा विचार विकास आराखड्यात होत नाही, तोवर शहराच्या विस्ताराची किंमत सर्वांत कमी जमीन असलेल्यांनाच मोजावी लागेल.