कन्फर्म की वेटिंग?

परवा एका रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. डेडलाइन सोमवारची, लॅपटॉप मांडीवर, बाजूला गार झालेली मॅगी आणि मी एका रूफटॉप कॅफेच्या स्टोरीत गळ्यापर्यंत बुडालेली. वहिनी म्हणाली, "अगं, बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय. गॉडमदर तूच हं!"

मी एका सेकंदात "ऑफकोर्स!" म्हणून मोकळी. फोन ठेवेपर्यंत साडीचा रंगसुद्धा ठरला होता. चांदीचे वाळे घ्यायचे की क्रूसाची चेन, एवढाच काय तो प्रश्न उरला होता.

अर्ध्या तासाने दुसरा फोन. पास्टरांचा.

"सलाम बेटा. रजिस्टरमध्ये तुझं नाव लिहितोय. कन्फर्मेशन कुठल्या साली झालं?"

"अं... नाही झालं."

पलीकडे शांतता. मग अगदी मायेने, "मग आधी त्याचा विचार कर. घाई नाही."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा सांगते. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो. बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने गॉडमदर आणि गॉडफादर वचन देतात, की वाइटाकडे पाठ फिरवू, देवावर विश्वास ठेवू, त्याच्या मार्गाने चालू. पुढे पोर मोठं झालं, की तीच वचनं ते स्वतःच्या तोंडाने देतं. बिशप डोक्यावर हात ठेवतात. ते कन्फर्मेशन, आपल्या भाषेत दृढीकरण. त्यानंतर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला.

मी चौदा वर्षांची असताना हा क्लास आणि दहावीची व्हेकेशन बॅच एकाच वेळी आली. आईने व्हेकेशन बॅच निवडली! त्याच वर्षी पप्पांचं चर्चच्या कमिटीतल्या एका काकांशी हिशेबावरून जोरदार वाजलं. पप्पांनी चर्चला जाणं बंद केलं आणि माझं दृढीकरण राहिलं ते राहिलंच. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर गेली पंधरा वर्षं मी आरएसीवर प्रवास करतेय. बसायला जागा आहे, बर्थ नाही. आणि खरं सांगू? चांगलं चाललं होतं माझं.

कारण अर्धवट ख्रिश्चन असण्याचे फायदे सॉलिड असतात. डिसेंबर आला, की प्रत्येक एडिटरला माझी आठवण येते. "ख्रिसमसवर काहीतरी दे ना, तू आहेस ना ती..." मग मी कलकल्स, केक आणि कॅरोल्सवर आठशे शब्द लिहून देते. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात बिनधास्त टिक करते. कोणी म्हणालं, "अय्या, ख्रिश्चन? पण तू मराठी किती छान बोलतेस!" तर माझ्या चार पिढ्यांचं नगरी मराठी त्याला ऐकवते. भांडायला मी पक्की ख्रिश्चन. रविवारी सकाळी साडेआठला मात्र गाढ झोपलेली.

पण आता एक चार महिन्यांचं गुबगुबीत पोर मध्ये आलं होतं. सगळ्यांसमोर उभं राहून मला म्हणायचं होतं, "मी विश्वास ठेवते." त्याच्या वतीने. माझा स्वतःचा पत्ता नसताना!

मास कॉमला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, की तपासल्याशिवाय बायलाइन लावायची नाही. कॅफेच्या बिलावरचा जीएसटी मी दोनदा चेक करते. आणि इथे?

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? मी पण गणपतीत आरत्या म्हणतेच की. फॅमिली फंक्शन समज." पटण्यासारखं होतं. पण आरती म्हणताना कोणी तिला नाव घेऊन विचारत नाही, की बाई, हे सगळं तुला मान्य आहे का? मला विचारणार होते.

मग आठवली माझी स्वतःची गॉडमदर. आईची मैत्रीण, रिटायर्ड नर्स, आमची मावशी. दर वाढदिवसाला सकाळी साडेसहाला तिचा फोन येतो. "हॅपी बर्थडे बाळा, डोळे मिट," म्हणते आणि फोनवरच प्रार्थना करते. लाज वाटते सांगायला, पण गेली काही वर्षं मी तिला स्पीकरवर टाकून मेल चेक करते.

तिच्याकडे गेले. म्हटलं, "मावशी, माझ्या वेळी तू वचन दिलंस तेव्हा तुझा सगळ्यावर विश्वास होता?"

ती पोहे परतत होती. म्हणाली, "छे गं. एकतीस वर्षांची होते. वॉर्डात रोज मरणं बघायची. देवाशी माझं भांडणच चालू होतं तेव्हा."

"मग?"

"मग काय? शब्द दिला होता ना. भांडण चालू ठेवलं आणि शब्दही पाळला. नाइट ड्यूटीवरून सुटले की तुझं नाव घ्यायचे. अजून घेते."

रोज? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एकोणतीस वर्षं कोणीतरी माझं नाव घेत होतं आणि मला ते वर्षातून एकदा, तेही स्पीकरवर, ऐकू येत होतं.

परत येताना गुरुवार पेठेतून आले. पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा तो उंच घंटामनोरा तुम्ही पाहिला असेलच. १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये नुसत्या चहावरून केवढं रामायण झालं होतं. गोपाळराव जोशींनी पाहुण्यांची नावं फोडली, आणि लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. चहाच्या एका कपाला तेव्हा केवढी किंमत होती!

आणि जे त्या कपाच्याही पलीकडे गेले, त्यांची तर आणखी कमाल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असं त्यांनीच नंतर सांगितलंय. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा वेळ घेतला आणि पाच वर्षांनी स्वतःच्या मनाने निर्णय केला. म्हणजे या मोठ्या माणसांचंही एका झटक्यात 'डन' झालं नव्हतं. मला जरा हायसं वाटलं.

त्या रात्री वहिनीला खरं ते सांगितलं. "मी आत्ता गॉडमदर होऊ शकत नाही. बाळावर प्रेम आहे म्हणूनच नाही." वहिनी दुखावली. दोन दिवस व्हॉट्सअॅपवर नुसत्या निळ्या टिका. बाप्तिस्म्याला तिची बहीण गॉडमदर झाली. मी तिसऱ्या बाकावर बसून फोटो काढले. पाणी डोक्यावर पडताच बाळाने असा काही टाहो फोडला, की त्या 'हो'ची किंमत त्याला आधीच कळली असावी!

त्यानंतरच्या शनिवारी मी क्लासला नाव घातलं. अकरा शाळकरी मुलं आणि मी. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलाने हळूच विचारलं, "दीदी, तुम्ही नापास झाला होता का?"

म्हटलं, "फॉर्मच भरला नव्हता रे."

आम्ही दहा आज्ञा करतो, प्रभूची प्रार्थना करतो, आपण नेमकं काय मानतो त्याची कबुली ओळीओळीने तपासतो. काही ओळींवर मी सहज मान डोलावते. येशूने गरिबांची, बहिष्कृतांची बाजू घेतली, तिथे माझा प्रश्नच नाही. 'मेलेल्यांतून उठला'पाशी मी बराच वेळ थांबले. अजूनही थांबते. पण पप्पांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी आयसीयूबाहेर मी ज्याच्याशी बोलत होते, तो जिवंत आहे असं धरूनच बोलत होते ना?

माझी खरी गोची वेगळीच निघाली. ती शेवटी आली, प्रभुभोजनाच्या धड्याला. आमच्याकडे प्याला एकच असतो. एकामागून एक सगळे त्याच प्याल्यातून पितात. आणि हिशेबवाले काका आजही दर रविवारी तिथे रांगेत असतात. पंधरा वर्षं ज्यांच्या नावाने आमच्या घरात भांडी आपटली, त्यांच्या पाठोपाठ त्याच प्याल्याला ओठ लावायचे. १८९० च्या कपापेक्षा हा प्याला मला जास्त जड वाटला. देव आहे का, यावर मी रात्रभर गप्पा मारू शकते. काकांना 'सलाम' म्हणायला मात्र मला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी म्हटलं. तेही गडबडले. म्हणाले, "पप्पा बरे आहेत ना?"

घरी येऊन पप्पांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला नाही. "तुझा निर्णय तुझा. मला ओढू नकोस." पुढच्या शनिवारी क्लास सुटला तर गेटबाहेर स्कूटर लावून उभे. "इकडेच काम होतं," म्हणाले. आत आले नाहीत. मीही ओढलं नाही.

बिशप पुढच्या महिन्यात येतायत. मी हो म्हणणार आहे. सगळ्या शंका फिटल्यात म्हणून नाही. रविवार सकाळच्या असाइनमेंट्स सोडल्यात, त्याचे पैसे बुडतात, ते चालेल असं ठरवलंय. रोज झोपताना एक नाव घ्यायला सुरुवात केलीय. ते पोर आता पालथं पडायला लागलंय. गॉडमदर त्याची दुसरीच आहे, पण नाव घ्यायला रजिस्टर कशाला लागतं?

आणि हो, या वाढदिवसाला साडेसहाचा फोन स्पीकरवर नव्हता. कानाला लावला होता. डोळे मिटून.

तुमचंही असं एखादं 'हो' आरएसीवर असेल, तर या वीकेंडला जरा तिकीट तपासून बघा.