अठराव्या वर्षी संपणारी माया

केंद्र शासनाच्या १९७२ च्या रजानियमांत ४३-सी हा नियम आहे. त्यान्वये स्त्री-कर्मचाऱ्यास आणि एकट्या पुरुषपालकास संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मात्र अपत्याने अठरावे वर्ष ओलांडले की ती संपते; चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असला तरच वयाची अट सुटते. पत्नी हयात असलेल्या बापास तर ती कधीच नव्हती.

मग अन्न हाच ज्याचा वैरी झाला आहे अशा सज्ञान मुलीला, भावाला वा पत्नीला सांभाळणाऱ्याने काय करावे? ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया हे विकार बहुधा पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात जडतात आणि वर्षानुवर्षे रेंगाळतात. रुग्णाच्या ताटापाशी धीराने बसणे, जेवणानंतर न्हाणीघराकडे कान देणे, रक्ततपासणीसाठी खेपा घालणे आणि रात्री जागून काढणे, हा त्या घरचा नित्यक्रम असतो. अर्जित रजा वर्षाला तीस दिवस, अर्धवेतनी वीस; आणि अर्धवेतनी रजेची पूर्णवेतनी परिवर्तित रजा करून घ्यावी, तर त्यासाठी स्वतःच्याच आजाराचा दाखला लागतो. थोडक्यात, सांभाळणारा स्वतः अंथरुणाला खिळेल तेव्हाच शासनाला त्याची कीव यावयाची!

शासनाला दोष देणे सोपे आहे. आपण तरी काय करतो? आपल्या मंडळांत कुजबूज चालते, ‘सडपातळ होण्याचे खूळ आहे’, ‘आईने लाडावून ठेवली’. एकादशी, चतुर्थी, सोमवार हे उपास आपल्याकडे पुण्याचे. त्यामुळे ताट परत पाठवणाऱ्या मुलीचे प्रथम कौतुकच होते. रोग उघडा पडला की तेच कौतुक करणारे आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. ही वृत्ती नवी नाही. लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७४ साली या रोगाला नाव दिले, आणि त्यांनीही नातलगांना सर्वांत वाईट शुश्रूषक ठरविले होते.

आपल्याच देशाने हा समज खोडून काढला आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले. याच चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली ‘स्कार्फ’ ही संस्था स्थापून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबांचीही दखल घेतली. पुढे लंडनच्याच डॉ. जॅनेट ट्रेझर यांनी अन्नविकाराच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी शिक्षणपद्धती बसवली. कांगारूप्रमाणे रुग्णाला पोटाशी धरून ठेवू नका, गेंड्याप्रमाणे अंगावर धावू नका; डॉल्फिनप्रमाणे बरोबरीने पोहत वाट दाखवा, असे त्या सांगतात. पण ज्याला झोप नाही, ज्याची रजा शिल्लक नाही, तो डॉल्फिन होणार कसा?

कोणी म्हणेल, सज्ञान माणसाची जबाबदारी त्याची त्याच्यावर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमण्याचा व उपचारांविषयी आगाऊ इच्छा नोंदवण्याचा हक्क दिला, आणि तो योग्यच आहे. परंतु रुग्णाच्या स्वातंत्र्याने सांभाळणाऱ्याचे श्रम नाहीसे होत नाहीत. उलट हुकूम सोडण्याऐवजी समजूत घालावी लागते, आणि ते काम अधिक थकविणारे आहे.

आपणां बदलीच्या नोकरांची अडचण तर दुहेरी. परमुलखात ना आत्या शेजारी, ना आजी; आणि मनाचे दुखणे डॉक्टरांना सांगावयाचे ते मोडक्यातोडक्या तमिळमध्ये किंवा इंग्रजीत. घडी कशीबशी बसते तोच बदलीचा हुकूम येतो. अपंग आप्तास सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट देता येईल असे शासनाने २०१४ साली ठरविले, आणि २०१८ साली जोडीदार, आईबाप व भावंडे यांच्यासाठीही ते लागू केले. पण किल्ली पुन्हा तीच, चाळीस टक्क्यांची. जी मुलगी परीक्षेत पहिली येते, चारचौघांत नीट बोलते आणि घरी आठवडाभर धड जेवत नाही, तिचे अपंगत्व कोणत्या तराजूत तोलणार?

म्हणून मागणी दोन कलमांची आहे. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या दाखल्यावर, रुग्णाच्या वयाचा विचार न करता, स्त्री-पुरुष दोघांनाही ठरावीक मुदतीची शुश्रूषा-रजा मिळावी. आणि त्याच दाखल्यावर बदली निदान काही काळ पुढे ढकलता यावी. आपल्या संघटना संयुक्त सल्लागार यंत्रणेत महागाई भत्त्यावर घसा कोरडा करतात. तेथे हा विषय एकदा तरी निघू द्या. ज्यांना यात सवलतीचा गैरवापर दिसतो त्यांना एवढेच सांगतो: मुलाच्या ताटापाशी बसून तासभर एका पोळीची वाट पाहण्याची हौस कोणालाही नसते.

आणि मंडळाच्या पुढच्या हळदीकुंकवाला अशा घरची बाई आली, तर ‘मुलगी किती बारीक झाली हो!’ हा प्रश्न गिळून ‘तुम्ही जेवलात का?’ एवढे विचारावे. त्याला शासनाची मंजुरी लागत नाही.