घंटी बंद करायची की कारण दूर करायचे?

पेढीवर तराजूला जे स्थान, तेच आजच्या मोटारगाडीत संवेदकाला, म्हणजे सेन्सरला आहे. टायरमधील हवा, इंजिनाचे तापमान, चाकांची गती, आसनावर कोणी बसले आहे की नाही, बसलेल्याने पट्टा लावला आहे की नाही, या साऱ्याचे माप तो घेतो आणि चालकासमोरच्या फलकावर दिवा लावून अथवा घंटी वाजवून ते कळवितो. तराजूचा काटा आपल्या सोयीने वाकवू नये, हे व्यापारी कुटुंबातील मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. ते तो गादीवर बसूनच शिकतो. गाडीच्या घंटीबाबत मात्र तीच माणसे सहज म्हणतात, “फार वाजते, बंद करून टाका.” आणि बंद करून देणारा कारागीर आता प्रत्येक शहरात मिळतो. त्याच्या हाती पाना नसतो, लॅपटॉप असतो.

या कारागिरीचे स्वरूप प्रथम समजून घेऊ. आजच्या गाडीत एक नव्हे, अनेक लहान संगणक असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, एअरबॅगचा एक, चालकासमोरच्या फलकाचा एक. हे सारे एकमेकांशी तारांच्या एका जोडीवरून बोलतात. ही पद्धत बॉश या जर्मन कंपनीने विकसित केली आणि १९८६ मध्ये जगापुढे मांडली. अमेरिकेत १९९६ च्या वर्षापासूनच्या मोटारींना सोळा पिनांची एक ठरावीक खोबण सक्तीची झाली. धूर नियंत्रित करणारी यंत्रणा नीट चालते की नाही, हे कोणत्याही तपासनिसाला पाहता यावे हा तिचा मूळ हेतू. तीच खोबण आज आपल्या गाडीतही स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सापडते. तिला केबल जोडली की लॅपटॉपवर दोषांचे संकेतांक दिसू लागतात. संकेतांकाच्या आरंभी ‘पी’ असेल तर दोष इंजिन वा गिअरबॉक्सचा, ‘बी’ असेल तर एअरबॅगसारख्या बॉडीतील यंत्रणेचा, ‘सी’ असेल तर ब्रेक आदींचा आणि ‘यू’ असेल तर संगणकांच्या आपसांतील संवादाचा.

इथवर वाचन झाले. पुढची पायरी लेखनाची. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी या गाड्यांसाठी रॉस-टेक कंपनीचे व्हीसीडीएस, फोर्डसाठी फोरस्कॅन, अशी सॉफ्टवेअरे केवळ दोष वाचून थांबत नाहीत. संगणकांत साठवलेल्या निवडीही बदलू शकतात. एकच गाडी अनेक देशांत व अनेक प्रकारांत विकली जात असल्याने कारखाना कित्येक सुविधा ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा खुणांनी नोंदवून ठेवतो. एकाचे शून्य केले की सुविधा निजते, शून्याचे एक केले की जागी होते. पट्ट्याची घंटी हीदेखील पुष्कळ गाड्यांत अशीच एक खूण असते.

या विद्येला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. टायरमधील हवेच्या दाबाचा संवेदकच घ्या. काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हपाशी एक छोटे यंत्र बसवलेले असते. ते दाब मोजून रेडिओलहरींनी कळविते. त्यातील बॅटरी बंदिस्त असल्याने ती संपली की सबंध संवेदक बदलावा लागतो, आणि नव्या संवेदकाचा क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही तर टायर उत्तम असूनही दिवा जळत राहतो. अन्य गाड्यांत असा संवेदकच नसतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, म्हणून इतरांपेक्षा जलद फिरते, आणि ब्रेकच्या यंत्रणेला हा फरक कळतो. अशा गाडीत हवा भरल्यावर वा टायर बदलल्यावर ‘हेच आता प्रमाण माना’ असे संगणकाला सांगावे लागते. ही सर्व कामे रास्त आहेत. सर्व्हिसच्या आठवणीचा दिवा काम पूर्ण झाल्यावर मूळपदावर आणणे, हेही त्यातलेच. इथे मापाला खरे केले जाते.

टायरच्या या दिव्याचे मोल आता आपल्याकडे वाढलेही आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून, टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना जादा चाकापासून सूट दिली. अशा गाडीत तो दिवाच एका अर्थाने स्टेपनीच्या जागी बसलेला आहे. तो विझवणे म्हणजे स्टेपनी घरी काढून ठेवण्यासारखेच होय.

आता घंटीकडे येऊ. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग, चालक व त्याच्या शेजारच्या आसनासाठी पट्ट्याची आठवण, मागे घेताना अडथळा सांगणारा संवेदक आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. ताशी ८० किलोमीटर ओलांडताच ही शेवटची सूचना थांबून थांबून वाजते आणि १२० ओलांडल्यावर अखंड. लोकांना सर्वाधिक नकोशी वाटते ती पट्ट्याची घंटी.

यामागे एक व्यावहारिक अडचणही असते. शेजारच्या आसनाखालील संवेदक वजन ओळखतो, माणूस ओळखत नाही. दुकानातून निघताना त्या आसनावर चोपड्यांची पिशवी, कापडाच्या नमुन्यांचा गठ्ठा वा किराण्याचे पोते ठेवले की घंटी वाजू लागते, आणि चार दिवसांत “हिचा कायमचा बंदोबस्त करा” असे कुणीतरी म्हणतो. वास्तविक उपाय अगदी साधा आहे. गठ्ठा मागे डिकीत ठेवावा, अथवा त्याच्यावरून पट्टा ओढून अडकवावा. जोराचा ब्रेक लागला तर तो गठ्ठाही पुढे फेकला जातोच. तेव्हा त्यालाही बांधलेले बरे. गठ्ठ्यासाठी बंद केलेली घंटी, संध्याकाळी त्याच जागी आई येऊन बसते तेव्हाही बंदच असते.

पट्टा न लावण्याची किंमत काय, हे सरकारी आकडेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे १६,३९७ माणसे रस्त्यावर मरण पावली. त्यांत ८,४३८ चालक होते आणि ७,९५९ प्रवासी; म्हणजे जवळजवळ निम्मी माणसे गाडी चालवीत नव्हती, नुसती बसली होती. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबाद–मुंबई महामार्गावर, पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात आपल्या स्मरणात असेल. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे दोघे मागच्या आसनांवर होते व त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. दोघांचे निधन झाले. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. गाडी उत्तम होती. ज्या महामार्गाने आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे वर्षभर ये-जा करतात, तोच तो मार्ग.

घंटी फसवण्यासाठी पट्ट्याच्या खाचेत अडकवायच्या धातूच्या क्लिपाही बाजारात आल्या होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-व्यापार संस्थांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपांच्या विक्रीच्या १३,११८ नोंदी संकेतस्थळांवरून हटवण्यात आल्या. क्लिप ही निंद्य वस्तू खरी, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे: ती डोळ्यांना दिसते. गाडीत बसणारा तिला पाहू शकतो, काढून फेकू शकतो. लॅपटॉपने केलेला बदल कुणालाही दिसत नाही. ज्याने तो करवून घेतला, त्याला निदान ठाऊक असते. पण गाडी घरातील एकाच माणसाची नसते. तीच गाडी सून माहेरी घेऊन जाते, नव्याने परवाना मिळालेला मुलगा मित्रांसह नेतो, पगारी चालक वडिलांना दवाखान्यात नेतो. या प्रत्येकाच्या मनात घंटी वाजली नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असाच समज असतो. एकाच्या कंटाळ्याचे ओझे असे साऱ्या घरावर पडते, आणि तेही त्यांना न कळता.

एअरबॅगच्या दिव्याची गोष्ट याहून गंभीर आहे. किल्ली फिरवताच हा दिवा काही क्षण लागतो आणि आपोआप विझतो. यंत्रणेने स्वतःची तपासणी करून घेतल्याची ती खूण. तो विझलाच नाही तर दोष आहे, आणि अपघातात एअरबॅग न उघडण्याची शक्यता आहे. अनेकदा कारण क्षुल्लक निघते. आसन पुढे-मागे सरकवताना त्याखालचे तारांचे जोड सैल होतात, ते साफ करून घट्ट बसवले की काम होते. परंतु दोष न शोधता केवळ संकेतांक पुसणे, किंवा दिवाच लागू नये अशी व्यवस्था करणे, हे रोग्याला बरे न करता तापमापक फोडण्यासारखे आहे. जुनी गाडी घेताना म्हणून एवढे अवश्य करावे: इंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी आणि एअरबॅग, ब्रेक व इंजिन यांचे दिवे प्रथम लागतात की नाही, हे पाहावे. जळत राहणारा दिवा दुरुस्तीचा खर्च सांगतो. मुळीच न लागणारा दिवा कदाचित विकणाऱ्याची नियत सांगतो.

मालवाहू गाड्या बाळगणाऱ्यांना आणखी एक मोह असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे पुष्कळ डिझेल ट्रकांत युरियाचे ३२.५ टक्के द्रावण वापरून धुरातील नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी केली जातात. द्रावण संपत आले की दिवा लागतो, दुर्लक्ष केले तर गाडीची ताकदच घटवली जाते. द्रावणाचा खर्च वाचावा म्हणून ही सारी यंत्रणा सॉफ्टवेअरने ‘झोपवून’ देणारे भेटतात. असा खर्च वाचत नाही, तो रस्त्याकडेच्या माणसांच्या फुप्फुसांच्या नावे लिहिला जातो. मोठ्या कंपनीनेही हा खेळ करून पाहिला आहे. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारे सॉफ्टवेअर फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत असल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न निर्माण झाला आणि २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४.३ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. अनेक दशकांची पत एका लपवलेल्या खुणेने गेली.

मग रास्त काय आणि गैर काय, हे ओळखावे कसे? पुन्हा तराजूकडेच जाऊ. वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून त्यावर मुद्रा घ्यावी लागते. काटा चुकत असेल तर परवानाधारक दुरुस्ती करणारा तो जुळवून देतो. ते कर्तव्यच आहे. सील तोडून काटा सोयीचा करणे, हा अपराध. हात तोच, काटा तोच. भेद हेतूचा आहे. लॅपटॉपवाल्याला हो म्हणण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माप चुकते आहे, की खरे माप मला गैरसोयीचे आहे? हा बदल मी घरातल्या प्रत्येकाला आणि उद्या गाडी विकत घेणाऱ्याला मोकळेपणाने सांगू शकेन काय? आणि मूळची नोंद जपून ठेवली आहे ना, की हवी तेव्हा ती परत आणता येईल? तिन्हींची उत्तरे निर्मळ असतील तर काम करून घ्यावे.

ते करतानाही सावधगिरी हवी. स्वस्त नकली केबलने काम करू देऊ नये. लेखन चालू असताना बॅटरी उतरली तर तो संगणक अर्धवट लिहिला जाऊन निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरीला चार्जर जोडलेला असावा. बदलाआधीच्या व नंतरच्या नोंदींची प्रत मागून घ्यावी आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पूर्वीच कुणी घंटी बंद करून दिली असेल, तर ती याच लॅपटॉपने काही मिनिटांत पुन्हा चालू होते.

कायदा पट्ट्याविना प्रवासाला १,००० रुपये दंड सांगतो आणि चौदा वर्षांखालील मुलाच्या सुरक्षेची जबाबदारी चालकावर टाकतो. दंड भरून प्रकरण मिटते, हे व्यापारी मनाला सहज पटते. पण घंटी दंडासाठी बसवलेली नाही. घरातली वडील माणसे मुलगा बाहेर निघताना “सावकाश जा” असे रोज म्हणतात. त्याला ते शंभरदा ऐकून ठाऊक असते, तरीही म्हणतात, आणि तो त्यांना गप्प करीत नाही. गाडीतली घंटी तेच काम करते. पट्टा लावला की ती आपणहून थांबते. तिला थांबवण्याचा याहून सोपा मार्ग कोणत्याही लॅपटॉपमध्ये नाही.