चावी हाती येण्याआधी भाड्याचे घर सोडण्याची नोटीस द्यावी का?

रत्नागिरीत फ्लॅट घेतला, बिल्डरने ‘पुढच्या महिन्यात ताबा’ म्हटले, की अनेकजण लगेच घरमालकाला नोटीस देतात. ही घाई अंगाशी येऊ शकते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम २४नुसार दुप्पट शुल्क भरावे लागते.

म्हणून आधी करारातील नोटीस कालावधी आणि लॉक-इन पाहा. नव्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच नोटीस द्या; ती लेखी द्या, पोच घ्या. मुदत संपत आली असेल, तर वाढीव करार नोंदवून घ्या. करारातील तारखेला ताबा मिळाला नाही, तर ‘रेरा’च्या कलम १८नुसार बिल्डरकडे व्याज मागता येते. महिनाभराचे जादा भाडे परवडते. भर पावसात बिऱ्हाड रस्त्यावर येणे नाही.