तिला काय आठवणार आहे?

चार वर्षांच्या मुलीला घेऊन क्रूझवर जाणार असं सांगितलं की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले. बोट लागेल का? जेवणाचं काय? आणि तिसरा, जो खरं तर प्रश्न नसून निकालच असतो: "एवढे पैसे घालताय, पण तिला काय आठवणार आहे?" पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत (थोडी लागते, उपाशी कोणी राहत नाही). तिसऱ्यावर मात्र मला भांडायचंय. आमच्याच घरातली आणखी दोन कुटुंबं येत्या डिसेंबरात लहान मुलांना घेऊन निघायच्या विचारात आहेत आणि त्यांच्या कानावर हे वाक्य पडायला सुरुवातही झाली आहे, म्हणून घाई.

आधी आठवणीचं बघू. मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, हे खरंच आहे. चार वर्षांच्या पोराला गेल्या पावसाळ्यातलं व्यवस्थित आठवत असतं, पण पुढे ते हळूहळू पुसलं जातं. मान्य. पण मग मला सांगा, बोरन्हाण घालताना हा प्रश्न कोणी विचारतं का? काळं झबलं शिवायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, शेजारपाजारची पोरं गोळा करायची आणि बोरं-चुरमुरे डोक्यावर ओतायचे. तेही पाच वर्षांच्या आतच, म्हणजे बरोब्बर न आठवण्याच्या वयात! बारसं, उष्टावण, जावळ, सगळं त्याच खात्यातलं. तिथे आपण "तिला काय आठवणार" म्हणून हलव्याचा मुकुट वाण्याला परत करत नाही. कारण तो दिवस तिचा असतो, एवढं पुरतं. मग बोटीचं तिकीट आलं की एकदम हिशेबाची वही का उघडते?

ह्या प्रश्नाचं एक जुळं भावंडही आहे. "आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ." वरवर उलटं वाटतं, पण आई एकच: पैसे वसूल. मुलीकडून आठवणीच्या रूपात वसूल होत नाहीत ना, मग गावाकडून स्थळांच्या रूपात करा.

आमची बोट सान हुआनला लागली होती, पोर्तो रिकोला. कॅरिबियनमधलं हे बेट १८९८ पासून अमेरिकेकडे आहे. जुनं शहर म्हणजे पुलांनी मुख्य बेटाला जोडलेलं एक छोटं बेटच, आणि बोटींचे धक्के थेट त्याच्या पायथ्याशी. उतरलात की शहरात. तरीही धक्क्यावर काय चित्र? बसेसची रांग. एका दिवसात दोन किल्ले, तासाभरावरचं एल युंकेचं जंगल, शिवाय खरेदीला वेळ. खरेदी म्हणजे बंदरालगतची घड्याळं-दागिन्यांची दुकानं, जी ह्या भागातल्या प्रत्येक बंदरात तशीच्या तशी असतात. त्या बसमध्ये चढणारी लहान मुलं मी बघितली, आणि दुपारी किल्ल्यात तीच मुलं बापांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली बघितली. बाप बिचारा तोफेचा फोटो काढतोय. कोणाचं वसूल झालं?

धक्क्यापासून एल मोरो किल्ला मोठ्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे. आम्हाला दीड तास लागला. मी म्हणेन ते दीड तास म्हणजेच सान हुआन. रस्ते निळसर विटांचे आहेत, लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या. युरोपातून येणाऱ्या जहाजांनी वजन म्हणून आणलेल्या, असं सांगतात. मला त्या छान जुन्या वाटल्या. लेकीला त्या पाय न लागू देता ओलांडायच्या होत्या, एक सोडून एक. तटाखालून समुद्राच्या कडेने एक वाट जाते, तिथे मांजरं राहतात, दोनशेच्या आसपास म्हणे. २०२३ साली नॅशनल पार्क सर्व्हिसने ती हलवायचं ठरवलं आणि २०२४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, म्हणजे भांडणं आपल्यासारखीच. लेकीच्या मोजणीत अकरा भरली, त्यात एक काळं बहुतेक दोनदा.

आणि मग ते मैदान. एल मोरोचं काम १५३९ साली सुरू झालं आणि अडीचशे वर्षं चालू राहिलं. भिंती काही ठिकाणी अठरा फूट जाड. १५९५ मध्ये फ्रान्सिस ड्रेकला इथूनच माघारी जावं लागलं. तीनच वर्षांनी दुसरा इंग्रज, कंबरलंडचा अर्ल, समुद्राकडून न येता जमिनीवरून आला आणि किल्ला घेतला. असल्या शत्रूला लपायला झुडूप मिळू नये म्हणून किल्ल्यासमोरची एवढी मोठी जागा उघडीबोडकी ठेवलेली. आता तिथे हिरवळ आहे, अटलांटिकवरून येणारा वारा आहे आणि त्या वाऱ्यावर अख्खं गाव पतंग उडवतं. चिरिंगा म्हणतात तिथे पतंगाला. आजोबा, नातवंडं, डबे, चटया, सगळं. बसमधून येणारी मंडळी हे मैदान दहा मिनिटांत तुडवतात, कारण पाटी असलेल्या गोष्टी पुढे आहेत. पाटी ह्या मैदानालाही लावता आली असती, पण मग तिथेही लोक उभं राहून वाचत बसले असते. असो.

आम्ही त्या मैदानात तीन तास होतो. किल्ला १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, आणि आम्ही आत अर्धाच तास गेलो. दुसरा किल्ला, सान क्रिस्तोबाल, राहिला. जंगल राहिलं. ह्याबद्दल बोटीवर एका टेबलावर आमच्याकडे सहानुभूतीने बघण्यात आलं. येताना गाडीवर 'पिरागुआ' घेतला. ठोकळ्याचा बर्फ खरवडून त्याचा सुळका आणि वर सरबत. आपला बर्फाचा गोळाच हो! चिंचेचं सरबतसुद्धा मिळतं. (आईला सांगू नका. सर्दी झाली नाही.)

आता तिसरी जात राहिली, "तिला बोटीवरच ठेवा" म्हणणाऱ्यांची. तीन वर्षांच्या पुढच्या, लंगोट सुटलेल्या मुलांना सांभाळायची सोय बऱ्याच बोटींवर असते, बंदराच्या दिवशीसुद्धा. ती वाईट नसते. थकलेल्या आईबापांनी एखादी संध्याकाळ वापरावी, मला त्यात पाप वाटत नाही. पण बेटावर न्यायचंच नाही, कारण तिथलं "तिला कळणार नाही", हे मला पटत नाही. ड्रेक तिला कळला नाही हे खरं. मलाही तो पाटी वाचूनच कळला. वारा मात्र दोरीतून तिच्या हाताला आधी कळला, आणि तिने मला सांगितलं, "बाबा, ओढतोय तो."

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर वेगळी गोष्ट. गुडघ्यांशी वाद नको, टॅक्सी करून त्यांना मैदानाच्या टोकाशी सोडा आणि पोराबरोबर तुम्ही चालत या.

डिसेंबरवाल्यांसाठी: पतंग इथून नेऊ नका, मैदानाजवळच विकायला असतात. टोपी गळ्याखालून बांधायची घ्या, तिथला वारा साधी टोपी ठेवत नाही. मैदानावर सावली नाही, पाणी भरपूर ठेवा. चढणीला ढकलगाडी नेऊ नका, त्या विटांवर तिचं एक चाक हमखास अडकतं. आणि बोटीवर परतायच्या वेळेच्या दोन तास आधी निघा, कारण उतारावरही मांजरं आहेत.