घड्याळाची अब्रू

उंची घड्याळांच्या कंपन्यांना एक राजेशाही दुखणं आहे. त्यांचं घड्याळ कुणी स्वस्तात विकलं की त्यांची प्रतिष्ठा जाते. यंत्र तेच, काटे तसेच पळताहेत. पण चिठ्ठीवरचा आकडा खाली आला की अब्रूचे धिंडवडे! आमच्या बँकेतले एक साहेबही हेच ऐकवतात, "सेलमध्ये मिळायला लागली की वस्तूची शान गेली, बरं का!" मी पडलो बी.कॉम. शान मला कळत नाही, जमाखर्च कळतो. तर तोच मांडतो.

अमेरिकेत कॉस्टको नावाचं दुकान आहे. दुकान कसलं, गोदामच! वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि घाऊक भावात माल उचलायचा. तिथे २००४ साली ओमेगा कंपनीची 'सीमास्टर' घड्याळं आली. कंपनीने सुचवलेली किंमत १,९९५ डॉलर, कॉस्टकोची १,२९९. घड्याळं नकली नव्हती की चोरीची नव्हती. ओमेगानेच परदेशातल्या अधिकृत वितरकांना विकलेली, ती हस्ते परहस्ते अमेरिकेत पोचली.

आता स्वस्त विकणं हा काही गुन्हा नाही. पण ओमेगाने घड्याळाच्या पाठीवर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा पृथ्वीचा गोल कोरून त्या चित्राचा कॉपीराइट घेऊन ठेवला होता. दावा लावला तो त्या चित्रावर! भाडेकरूशी भांडता यावं म्हणून भिंतीत आधीच खिळा ठोकून ठेवणारे घरमालक आपल्याकडेही आहेत, पण इतका बारीक खिळा मी पाहिला नाही.

२०१० साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले गेले. अखेर २०१५ साली अपील कोर्टात ओमेगा हरली. शिवाय कॉस्टकोच्या वकिलांची सुमारे चार लाख डॉलर फी तिच्याच अंगावर आली. विकली गेलेली घड्याळं होती ४३. प्रत्येकामागे ६९६ डॉलरचा फरक धरा, हिशेब होतो २९,९२८. तीस हजारांच्या अब्रूसाठी चार लाख, आणि स्वतःच्या वकिलांचे वेगळेच! आमच्याकडे असं व्हाउचर पास करणाऱ्याची संध्याकाळच्या आत चौकशी लागली असती.

"पण ज्याने पूर्ण पैसे मोजले त्याचं काय?" साहेब विचारतात. प्रश्न रास्त आहे. शेजाऱ्याला तेच घड्याळ स्वस्तात मिळालं, आणि आपलं विकायला काढलं तर भाव येत नाही, म्हटल्यावर माणूस चिडणारच. चिडावंच. पण १,२९९ घेणाऱ्यावर का? १,९९५ घेणाऱ्यावर का नको? भाव पडतो तो खपेल त्याहून जास्त माल बाजारात ओतल्यामुळे. नळ आपणच मोकळा सोडायचा आणि बादली लावणाऱ्याला चोर म्हणायचं, हा कुठला न्याय?

यावर कार्तिये वगैरे ब्रँड बाळगणाऱ्या रिशमाँ या स्विस समूहाने निराळाच तोडगा काढला. २०१८ पर्यंतच्या दोन वर्षांत सुमारे ४८ कोटी युरोंची न खपलेली घड्याळं बाजारातून परत घेतली आणि त्यातली बरीचशी मोडीत काढली. चांगली चालती घड्याळं, कारागिरांनी डोळ्याला भिंग लावून जुळवलेली! सवलतीत कुणाच्या मनगटावर गेली तर अपमान, भंगारात गेली तर इभ्रत शाबूत.

म्हणजे मंडळी, ही प्रतिष्ठा काट्यांत नव्हती, चाकांतही नव्हती. ती होती 'हे तुम्हाला परवडायचं नाही' या एका वाक्यात. सेलने ते वाक्य खोटं पाडलं, एवढाच त्याचा अपराध. पै-पै साठवून, चार दुकानं हिंडून, भाव उतरायची वाट पाहून वस्तू घेणारा माणूस हा कुणाच्या अब्रूवरचा डाग आहे, हे मला मुळीच मान्य नाही. त्याच्याही नोटा मी काउंटरवर मोजतो. त्या शंभराच्या शंभरालाच जातात.

कॉस्टकोतून नेलेल्या त्या ४३ घड्याळांत नऊ वाजले की नऊच वाजत असणार. पूर्ण किंमत मोजणाऱ्यांच्या घड्याळात तरी तेव्हा कुठे सव्वानऊ होतात?