हा आवाज कुणाचा?

चित्रपट संपला, दिवे लागले, की पडद्यावर नावं धावायला लागतात आणि आपण पायानं चपला चाचपायला लागतो. इतक्या लोकांनी मिळून आपल्याला दोन-अडीच तास खुर्चीत बसवून ठेवलेलं असतं. त्यातल्या नट-नट्या आणि दिग्दर्शक सोडले, तर एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. पण शेवटचं नाव सरेपर्यंत जागची न हलणारी मुलं आपल्याच घरात वाढताहेत, हे मला अलीकडेच कळलं. ही मुलं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून-मालिका आणि चित्रपट, बघतात.

नुकतीच मी भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन मुंबईला अशाच शौकिनांच्या एका छोट्याशा मेळाव्याला जाऊन आले. खरं तर त्यांनीच मला नेलं. अकरावी-बारावीच्या मुलींना एकट्यानं मुंबईला सोडायला घरचे तयार नव्हते, आणि नोकरीतून मोकळी झालेली आत्या अशा वेळी सगळ्यांना आठवते. आमच्या जिंतूरहून सेलू, सेलूहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस. डब्यात मुलींनी कापडी पिशवीतली तलवार मांडीवरून खाली ठेवली नाही, आणि समोरच्या काकांनी "काय हे?" असं जितक्यांदा विचारलं तितक्यांदा त्यांना अख्खी कथा ऐकवली.

हे नवंच खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 1993 सालचे रविवार आठवावेत. दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं आणि गल्लीत चिटपाखरू नसायचं. मोगली आपला, सिवनीच्या जंगलातला; पण चित्रं जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन कंपनीची, 1989 सालच्या 52 भागांच्या मालिकेतली. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानच्या जबड्यातून येणारा आवाज मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. त्याच सुमारास युगो साको या जपानी माणसानं आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन रामायणावर अख्खा ॲनिमे चित्रपट केला. त्यात हिंदी बोलणारा राम अरुण गोविल यांच्या आवाजात होता आणि रावण अमरीश पुरींच्या. तोच चित्रपट जानेवारी 2025मध्ये नव्या आवाजांसह आपल्याकडच्या थिएटरांत पुन्हा लागला. थोडक्यात, आमच्या पिढीनंही ॲनिमे पाहिला होता, फक्त तो कुणी काढला आणि त्यात कोण बोललं याची चौकशी केली नव्हती.

मग 2005च्या सुमारास डोरेमॉन नावाचं निळं मांजर आलं, पाठोपाठ शिनचॅन. दोघंही अस्खलित हिंदी बोलत आले. आईबापांची तक्रारही लगेच सुरू झाली, की पोरगं घरात मराठी सोडून ‘मम्मी, मुझे भूख लगी है’ म्हणतंय. जिंतुरात ही तक्रार जरा कमी ऐकू आली. आपण 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आमचे आजोबा शाळेत उर्दू शिकले, आणि आजही मोंढ्यात भाव करताना मराठीतून दखनीत कधी शिरलो आणि परत कधी आलो हे कळत नाही. त्यामुळे हिंदी बोलणारं निळं मांजर आपल्या गावात पहिल्या दिवसापासून घरचं झालं.

मोठ्या शहरांतल्या मुलांनी खालच्या इंग्रजी ओळी वाचत मूळ जपानी मालिका पाहिल्या. आपल्याकडच्या मुलांसाठी त्या कुणीतरी बोलून दाखवाव्या लागल्या. जपान आणि जिंतूर यांच्यामध्ये जी माणसं उभी आहेत, ती मुंबईतल्या डबिंगच्या खोल्यांमध्ये उभी आहेत. सोनल कौशल यांनी वर्षानुवर्षं हिंदी डोरेमॉनला आवाज दिला. आपण तो आवाज रोज संध्याकाळी घरात घेतला, त्यांचं नाव मात्र घेतलं नाही. भाचीला ते नाव पाठ होतं. मेळाव्याला जायचा हट्ट होता तो यासाठीच, की तिथे असे आवाज प्रत्यक्ष भेटणार होते.

त्याआधी वेशाचं बघायला हवं होतं. मेळाव्याला आवडत्या पात्राच्या वेशात जायचं असतं, त्याला कॉस्प्ले म्हणतात. भाचीनं निवडला ‘डेमन स्लेयर’मधला तान्जिरो, कोळसा विकणाऱ्या घरातला मुलगा. त्याच्या अंगरख्यावर हिरव्या-काळ्या चौकटी असतात. तयार वेश मागवता आला असता, पण तिला तो शिवूनच हवा होता. आमच्या नेहमीच्या टेलरमामांसमोर तिनं मोबाइलवरचं चित्र धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्र जवळून पाहिलं आणि विचारलं, "काय बाई, औंदा बैलाला ही झूल का?"

थट्टा झाली, पण काम त्यांनी मनावर घेतलं. चौकटीचं कापड आणायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, त्या चौकटी बारीक असतात, चित्रातली एकेक चौकट वीतभर आहे. मग हिरवं पॉपलीन वेगळं, काळं वेगळं. प्रत्येक तुकड्याच्या चारी बाजूंना अर्धा इंच शिलाईत जाणार, म्हणून तुकडे तेवढे मोठे बेतले. आधी आडव्या पट्ट्या जोडल्या, मग पट्टीला पट्टी. खरी कसोटी खांद्यावर होती. पुढच्या पल्ल्यातला हिरवा जिथे संपतो, तिथे पाठीचा काळा बरोबर सुरू व्हायला हवा. पहिल्यांदा तो बोटभर सरकला. भाची म्हणाली, "चालतंय मामा, कोण बघतंय?" मामांनी तिच्याकडे न बघता ब्लेडनं टाके उसवले आणि खांदा पुन्हा जोडला. कानातले डूल तिनं पुठ्ठ्याचे केले आणि त्यावर लाल सूर्य रंगवला. तलवार पीव्हीसी पाइप आणि फोम शीटची.

मुंबईतला हॉल म्हणजे उपनगरातलं एक साधं सभागृह. एरवी तिथे मुंजी होत असाव्यात. भिंतीला लागून टेबलं, त्यावर स्टिकर, चाव्यांना लावायच्या बाहुल्या, हातानं काढलेली चित्रं. दारात एक मुलगा प्रत्येकाची हत्यारं तपासत होता, धार असलेलं आणि लोखंडी काही आत न्यायचं नाही. शेजारी फलक होता: वेश कोणताही असो, विचारल्याशिवाय फोटो नाही आणि हात लावणं तर नाहीच. आपल्या जत्रांमध्ये असा फलक कधी लागेल, असं मनात येऊन गेलं.

आत वेगवेगळ्या ॲनिमेंमधली पात्रं वावरत होती. डोक्यावर गवताची हॅट घातलेले लुफी तर पुष्कळ होते, कारण हॅट स्वस्त मिळते. कपाळावर पट्टी बांधलेले नारुतो, तोंडात बांबूची कांडी धरलेल्या नेझुको. मला वाटलं होतं, एकमेकांना पहिला प्रश्न विचारतील ‘केवढ्याला पडलं?’. तो प्रश्न मी एकदाही ऐकला नाही. सगळे विचारत होते, "कुणी केलं?" आणि लगेच शिवण उलटी करून बघणं, फोमला कोणता गोंद धरतो, केसांचा टोप उभा राहायला काय लावलं, हे सुरू. एका उंच मुलानं भाचीच्या खांद्यावरची चौकट निरखली आणि विचारलं, "हे मशीनवर जुळवलं?" तिनं जिंतूरच्या टेलरमामांचं नाव असं सांगितलं, की मुंबईला ते माहीत असायलाच हवं.

दुपारी डबिंगची मंडळी मंचावर आली. त्यातल्या एक बाई साध्या सुती कुर्त्यात, केस पांढरे व्हायला लागलेले. माइक हातात घेऊन त्यांनी नमस्कार केला आणि पुढचं वाक्य दहा वर्षांच्या मस्तीखोर पोराच्या आवाजात म्हटलं. हॉलमध्ये असा काही गलका झाला, की माझ्या शेजारची मुलगी रडायलाच लागली.

मग त्यांनी काम कसं चालतं ते सांगितलं. काचेच्या खोलीत एकटं उभं राहायचं, कानात मूळ जपानी, समोर पडद्यावर दृश्य. प्रसंगाचे लहान लहान तुकडे करतात, त्याला लूप म्हणतात. पात्राचे ओठ मिटतात तिथे आपलं वाक्य मिटलं पाहिजे. जपानी वाक्य लांब आणि हिंदी आखूड निघालं, तर तिथल्या तिथे शब्द भरायचे. जो तो आपापल्या वेळी येऊन आपापले संवाद बोलून जातो, त्यामुळे पडद्यावर गळ्यात गळा घालणाऱ्या दोन पात्रांचे आवाज कित्येकदा एकमेकांना भेटलेलेही नसतात. संवादांइतकंच काम धापा टाकण्याचं, आवंढा गिळण्याचं, मार खाण्याचं. एका मुलानं विचारलं, "मॅम, किंचाळायचे सीन कधी करता?" त्या हसून म्हणाल्या, "सगळ्यात शेवटी. नंतर घसा कुणाच्या कामाचा राहत नाही."

मुलाचा आवाज बाईनं द्यायचा, ही जपानमधलीही जुनीच रीत. मुलगा नेमला तर दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज फुटतो, मालिका मात्र वीस-वीस वर्षं चालते. नोबुयो ओयामा यांनी 1979पासून 2005पर्यंत डोरेमॉनला आवाज दिला. 1936 साली जन्मलेल्या मासाको नोझावा यांनी 1986मध्ये ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू हाती घेतला आणि पुढे त्याच्या दोन्ही मुलांचे आवाजही त्यांनीच काढले. तिकडे अशा कलाकारांना नटनट्यांइतका मान असतो, लोक त्यांच्या नावावर तिकीट काढतात.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. बालगंधर्व बाई होऊन उभे राहत तेव्हा नाट्यगृहातल्या बायका त्यांची साडी कशी नेसलेली आहे ते बघत आणि घरी जाऊन तशी नेसत. आवडत्या पात्राचा वेश स्वतःच्या अंगावर घ्यायची हौस तिथेही होतीच, फक्त तिला कुणी खूळ म्हटलं नाही.

घरी परतल्यावर ओसरीवर चर्चा झालीच. एक शेजारी म्हणाले, "आपल्याकडे बहुरूपी होतेच की. हे त्याचंच इंग्रजी सोंग." मला हे पटलं नाही. बहुरूप्याच्या घरात जन्मलेल्या पोराला सोंग घ्यावंच लागे. त्यावर घर चालायचं, आणि दारात उभं राहून हसवलं तरी लोक त्याला अंगणाच्या आत घेत नसत. या मुली आपल्या मर्जीनं, साठवलेल्या पैशांनी, एका दिवसापुरतं सोंग घेतात आणि सोमवारी कॉलेजात जातात. दोन्हीला एका दावणीला बांधलं, की बहुरूप्याच्या वाट्याला आलेलं जगणं आपल्या नजरेआड होतं.

दुसरा आक्षेप वेळ आणि पैसा वाया जाण्याचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो कुठल्याही शौकाला लागू पडतो, भजनी मंडळापासून क्रिकेटपर्यंत. पण हे शौकीन नुसते बघे नाहीत, एवढं सांगता येतं. टोकियोत 21 डिसेंबर 1975 रोजी काही हौशी मंडळींनी स्वतः काढलेली चित्रपुस्तकं मांडून पहिलं ‘कॉमिकेट’ भरवलं, तेव्हा जेमतेम 700 माणसं आली. आज तिथे लाखांनी लोक लोटतात. आपल्याकडे ‘कॉमिक कॉन’ हा मेळावा 2011 साली दिल्ली हाटमध्ये सुरू झाला आणि पुढे मुंबईतही आला. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे चित्रपट भारतात दाखवावा म्हणून इथल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, आणि ऑक्टोबर 2019मध्ये तो खरोखर आपल्याकडच्या पडद्यावर लागला. एखादी गोष्ट आपल्या गावात येत नाही म्हणून कुरकुरण्यापेक्षा अर्ज लिहिणारी ही मुलं मला बरी वाटतात.

आणि मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती सवय एवढीच, की समोर आलेल्या वस्तूमागचा माणूस शोधायचा. हा आवाज कुणाचा, ही शिवण कुणाची, हे शब्द कुणी बसवले. आपण लग्नात जेवून उठतो आणि आचाऱ्याचं नाव विचारत नाही, शाळेच्या भिंतीवरचं सुंदर अक्षर वाचतो आणि पेंटरचं नाव विचारत नाही. या बाबतीत आमची भाची माझ्या पुढे आहे.

आता तिच्या मैत्रिणींनी असाच एक मेळावा जिंतुरात भरवायचं घेतलंय. हॉल लहान, माणसं शंभर आली तरी खूप. पाहुणे कोण यावर बरीच खडाजंगी झाली. मुंबईहून डबिंगचे कलाकार बोलवायचे तर येण्या-जाण्याच्या खर्चातच बजेट संपतं. शेवटी एकमतानं ठरलं, की पहिल्या वर्षी मंचावर टेलरमामा बसतील, खांद्याची चौकट कशी जुळवतात ते करून दाखवतील आणि मुलं प्रश्न विचारतील. निरोप घेऊन भाची दुकानात गेली. मामांनी भिंतीवरची दिनदर्शिका उलटली आणि म्हणाले, दिवाळीच्या आधी अजिबात नको, शिलाईची गर्दी असते. दिवाळी झाल्यावर, लगीनसराई लागायच्या आत धरा, तेव्हा येतो.